कोणाचंच नसलेलं जाळं

गेल्या चातुर्मासात आमच्या बस्तीत दुपारी बायकांचा स्वाध्याय चालायचा. रत्नकरंडातलं अनर्थदंडव्रत सुरू होतं. विनाकारण होणारी हिंसा म्हणजे कोणती, याचे दाखले प्रत्येकीनं आपापल्या घरातले द्यायचे, असं माताजींनी सांगितलं होतं. कुणी उघडा राहिलेला नळ सांगितला, कुणी जाता-येता झाडाचं पान ओरबाडायची सवय. माझी पाळी आली तेव्हा मी भाचीचं सांगितलं. ती पुण्याला नोकरी करते. दोन वर्षांमागं तारकर्लीला स्कूबा शिकली. आता पावसाळा सरून समुद्र निवळला की सुट्टी काढून मालवणला जाते आणि आपल्यासारख्याच चार-सहा हौशी पाणबुड्यांबरोबर खाली उतरते. मासे बघायला नव्हे. खडकांत अडकून पडलेली तुटकी जाळी कापून वर आणायला.

पुढं बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "ते मासे कोळ्याच्या जाळ्यात मरायचेच होते की. जाळं तुटून खाली पडलं म्हणून काय वेगळं झालं? आणि आपल्याला काय करायचं आहे बाई त्यांच्या जाळ्यांशी?"

दोघी-तिघी हसल्या. मला तिथल्या तिथं उत्तर देता आलं नाही. प्रश्न मात्र घरापर्यंत बरोबर आला. त्यानंतर मी भाचीला विचारत गेले, मिळेल ते वाचत गेले, आणि एक गोष्ट लक्षात आली की सुरुवात लांबून करावी लागणार. कारण पाण्याखाली जाऊन सफाई करणारी ही जमात मुळात सफाईला गेलीच नव्हती. ती गेली होती शिकारीला.

१९४३ सालची गोष्ट. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता, पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारी गॅसवर चालाव्यात म्हणून एमिल गान्यां नावाच्या इंजिनियरनं एक झडप बनवली होती, इंजिनाला हवा तेवढाच गॅस सोडणारी. नौदलातला अधिकारी झाक-ईव्ह कुस्तो त्याच्याकडे गेला आणि दोघांनी मिळून तीच युक्ती माणसाच्या श्वासाला लावली. पाठीवर दाबलेल्या हवेचं नळकांडं, तोंडात नळी, आणि श्वास ओढला की ओढला तेवढीच हवा देणारी झडप. त्याआधी खाली जायचं तर डोक्यावर पितळी शिरस्त्राण, पायात शिशाचे बूट आणि वर होडीतून हवा पुरवणारी लांब नळी. माणूस दावणीला बांधल्यासारखाच. आता तो सुटा झाला. माशासारखा आडवा पोहू लागला.

आणि सुटा झाल्यावर त्यानं पहिलं काय केलं? हातात भाला घेतला. त्या काळातले बहुतेक हौशी पाणबुडे भाल्यानं मासे मारणारे होते. कुस्तोही त्यातलाच. त्याच्या समुद्रावरच्या चित्रपटाला १९५६ साली कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, आणि जगातल्या लाखो लोकांनी समुद्राचा तळ पहिल्यांदा बघितला तो त्यातच. त्या चित्रपटात प्रवाळाच्या खडकावर सुरुंग लावून मासे मारलेले दाखवले आहेत. कशासाठी, तर तिथं कोणकोणते मासे राहतात याची मोजदाद करायला. पुढं त्यांच्याच जहाजाच्या पंख्यानं व्हेलचं एक पिल्लू जखमी होतं, रक्ताच्या वासानं शार्क येतात, आणि खलाशी संतापून त्या शार्कांना गळानं वर ओढून डेकवर ठेचून मारतात. जखम केली यांच्याच पंख्यानं, राग कुणावर तर शार्कांवर. मला तो भाग पुरता बघवला नाही.

पण हाच कुस्तो १९६० साली अणुकचरा भूमध्य समुद्रात बुडवायच्या सरकारी बेताविरुद्ध उभा राहिला, आणि १९७३ साली त्यानं समुद्र राखण्यासाठी संस्था काढली. मधल्या वर्षांत काय घडलं? एकाच जागी पुन्हा पुन्हा उतरलेल्या माणसाला दिसतं ते घडलं. मागच्या खेपेला होते ते मासे या खेपेला नाहीत, होतं ते प्रवाळ राखाडी पडलंय. काठावरून समुद्र सगळा सारखाच दिसतो. वीस मीटर खाली गेलेल्यालाच कळतं की इथं काल कुणी राहत होतं. पुढं अमेरिकेत सिल्व्हिया अर्ल या शास्त्रज्ञ बाईंनी १९७० साली आणखी चौघी बायकांना घेऊन समुद्रतळावरच्या एका घरात दोन आठवडे मुक्काम केला. त्याही आयुष्यभर समुद्राच्या बाजूनं बोलत राहिल्या. या बदलाला आपल्यात शब्द शोधायला लागत नाही. पण प्रतिक्रमण म्हणावं तर त्यात आधी 'मी केलं' हे म्हणावं लागतं, आणि कुस्तोनं त्या शार्कांबद्दल तसं किती म्हटलं हा वेगळा भाग. असो.

भाला खाली ठेवला म्हणजे हात स्वच्छ झाले असं मात्र नाही. चांगल्या हेतूनं केलेल्या नासाडीचं उदाहरण मला मिळालं ते अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं, आणि ते वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते.

तिथं फोर्ट लॉडरडेल नावाच्या गावासमोर, किनाऱ्यापासून दोनेक किलोमीटरवर, १९७२ सालापासून लोकांनी समुद्रात जुने टायर टाकले. चोरून नव्हे. सरकारी परवानगीनं, वाजतगाजत. शंभरावर खासगी होड्या मदतीला आल्या होत्या. टायर बनवणाऱ्या बड्या कंपनीनं फुग्याच्या विमानातून सोनेरी रंगाचा टायर समुद्रात सोडून मुहूर्त केला. कल्पना अशी की टायरांच्या ढिगावर प्रवाळ धरेल, माशांना घर मिळेल, आणि जमिनीवरचा कचराही हटेल. सुमारे वीस लाख टायर गेले. आज वाचताना हसू येतं, पण त्या दिवशी त्या होड्यांतल्या माणसांना आपण पुण्याचं काम करतोय असंच वाटत असणार. आपणही नदीत निर्माल्य सोडणाऱ्यांना नावं ठेवतो आणि पूजेतलं प्लास्टिक मात्र ओढ्याच्या पुलावरून हळूच सोडून देतो.

टायरांचे गठ्ठे लोखंडी पट्ट्यांनी आणि नायलॉनच्या पट्ट्यांनी बांधले होते. लोखंड खाऱ्या पाण्यात किती टिकणार? पट्ट्या गंजल्या, गठ्ठे सुटले. हलता टायर कुठल्या प्रवाळाला थारा देणार? प्रवाळ धरलंच नाही. उलट वादळात ते टायर घरंगळत शेजारच्या जिवंत प्रवाळाच्या खडकांवर जाऊन आदळले. घर द्यायला गेले आणि शेजाऱ्याचं होतं ते घर पाडून आले. २००१ पासून थोडेथोडे टायर काढायला सुरुवात झाली. २००७ पासून तीन उन्हाळे सैन्याचे पाणबुडे तिथं उतरले, त्यांना सरावाचा सराव आणि समुद्राला मदत. सत्तर हजारांच्या वर टायर त्यांनी बाहेर काढले. वीस लाखांतले सत्तर हजार. टाकायला होड्यांची जत्रा लागली. काढायला एकेक टायर दोरात ओवायचा, वर पाठवायचा, पुन्हा खाली.

आपल्या मुनींच्या पाच समित्या आपण लहानपणी पाठ केल्या. वस्तू उचलताना-ठेवताना जपायचं ती आदाननिक्षेपण, आणि टाकून द्यायचं ते कुठं, कसं टाकायचं हे बघायचं ती उत्सर्ग. मी या समित्यांकडे नेहमी मोरपिच्छीच्या संदर्भातच बघत आले. त्या टायरांचं वाचल्यावर उत्सर्ग समिती एवढी मोठी दिसली की बाकीच्या चार मागं पडल्या.

आता सफाईच्या चळवळीकडे येते. तिची सुरुवात पाण्याखाली झाली नाही, काठावर झाली, आणि ती दोन बायकांनी केली. १९८६ साली लिंडा मॅरानिस टेक्सासला राहायला गेल्या. तिथला किनारा कचऱ्यानं भरलेला. त्यांनी कॅथी ओ'हारा या सहकारी बाईंबरोबर सप्टेंबरमध्ये लोकांना किनारा झाडायला बोलावलं. २,८०० लोक आले. यात नवल नाही. झाडायला बोलावलं की माणसं येतात, फोटो निघतात, आठवड्यानं किनारा होता तसा. या दोघींनी वेगळं केलं ते हे की प्रत्येकाच्या हातात पिशवीबरोबर एक कार्ड दिलं. काय सापडलं, किती सापडलं, लिहायचं. बाटली एवढ्या, झाकणं एवढी, दोरखंडाचे तुकडे एवढे. घरात वाणसामानाची यादी लिहिणाऱ्या बाईलाच हे सुचणार! यादी झाली की कळतं, कचरा आला कुठून. अर्धा कचरा बोलतो, मी जहाजावरून आलोय. कुठलंही प्लास्टिक जहाजावरून समुद्रात टाकायला बंदी करणारा आंतरराष्ट्रीय नियम ३१ डिसेंबर १९८८ पासून लागू झाला, त्यामागच्या वादात असल्या याद्याच कामी आल्या.

पाणबुड्यांनी हे कार्ड पाण्याखाली नेलं. स्कूबा शिकवणाऱ्या पॅडी या संस्थेनं १९८९ मध्ये 'प्रोजेक्ट अवेअर' नावाचं काम सुरू केलं, आणि त्यातूनच २०११ पासून समुद्रतळावरच्या कचऱ्याची नोंद जगभरचे हौशी पाणबुडे एकाच पद्धतीनं करू लागले. जागा कोणती, खोली किती, काय सापडलं, त्यात कुठला जीव अडकला होता. ज्यांना सुट्टीत मासे बघायचे असतात ती ही माणसं. स्वतःच्या खर्चानं जातात, वर येऊन ओल्या कपड्यांत डबे-बाटल्या मोजत बसतात.

मोठे मेळेही झाले. २०१५ मध्ये इजिप्तच्या हुरगाडा गावी तांबड्या समुद्रात ६१४ पाणबुडे एका वेळच्या सफाईला उतरले, तो विक्रम झाला. २०१९ च्या जूनमध्ये फ्लोरिडातल्या डियरफील्ड बीचवर ६३३ उतरले, तो मोडला. विक्रमांचं मला फारसं कौतुक नाही. सहाशे माणसं एका धक्क्याखाली उतरली तर गाळच किती ढवळला जात असेल. पण डियरफील्ड बीच नकाशावर शोधलं तेव्हा मी थांबले. टायर टाकले त्याच ब्रोवर्ड परगण्यातला तो किनारा. १९७२ साली जिथल्या होड्या टाकायला गेल्या, तिथलीच माणसं सत्तेचाळीस वर्षांनी काढायला गेली. मासेमारीच्या धक्क्याखाली त्यांना मुख्यतः सापडला तो गळाचा तुटलेला दोरा आणि शिशाची वजनं.

आणि इथं आजींच्या प्रश्नाशी येऊन ठेपते. तुटलेल्या दोऱ्याशी.

पूर्वी जाळी सुताची असत, सणाची असत. टिकावीत म्हणून झाडाची साल उकळून त्या काढ्यात बुडवायचे, वाळवायचे, पुन्हा बुडवायचे. एवढं करूनही ती कुजतच. असं जाळं समुद्रात हरवलं तर काही काळानं गळून जाई. मग नायलॉन आलं. १९३५ साली अमेरिकेतल्या ड्यू पाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांनी ते बनवलं, आणि बाजारात पहिल्यांदा गाजलं ते बायकांच्या पायमोज्यांच्या रूपानं. युद्धानंतर ते जाळ्यात शिरलं. हलकं, मजबूत, पाण्यात दिसत नाही, कुजत नाही. कोळ्याला यापेक्षा आणखी काय हवं? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपणही सुती दोरी सोडून वाळत घालायला नायलॉनचीच आणली.

पण 'कुजत नाही' हा गुण जाळं हातात असेपर्यंत. वादळात सुटलं, खडकात अडकून फाटलं, दुसऱ्याच्या ट्रॉलरनं मधूनच कापून नेलं, की तोच गुण उलटतो. जाळं महागाचं असतं, कोळी ते हौसेनं टाकत नाही. गेलं की तो रडतोच. खाली मात्र ते उभंच राहतं. वर तरंगणारे बोये, खाली शिसं. मासा अडकतो. त्याला खायला मोठा मासा येतो, तोही अडकतो. वजन वाढलं की जाळं तळाला बसतं. मग खेकडे येतात, मेलेलं खातात, त्यातले काही गुंततात. खाऊन खाऊन वजन उतरलं की बोये पुन्हा जाळं उचलतात, आणि पुन्हा पहिल्यापासून. महिनोन्‌महिने, कधी वर्षंच्या वर्षं. इंग्रजीत याला भुताची मासेमारी म्हणतात. भूत तरी निदान कुणाचं तरी असतं.

आजी, हे आहे वेगळं. कोळ्याच्या जाळ्यातला मासा कुणाच्या तरी ताटात जातो. आपल्याला ते ताट मान्य नाही, पण त्यामागं एक भूक आहे, एक घर आहे. हरवलेल्या जाळ्यातला मासा कुणीच खात नाही. त्याच्या मरणाला कसलंच कारण नाही. ज्या अध्यायावर आपण त्या दुपारी बसलो होतो त्याचं नावच अनर्थदंड. अर्थ नसलेला दंड. समंतभद्राचार्यांनी त्याचे पाच प्रकार सांगितले, त्यात हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं आहे आणि बेफिकिरीनं वागणंही आहे. हरवलेलं जाळं दोन्हींत बसतं.

एक अडचण मात्र मला प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्या श्रावकाचारांत कोळी आणि शेतकरी असा जोडदाखला येतो. शेतकऱ्याच्या नांगराखाली अगणित जीव मरतात, पण त्याचा भाव मारायचा नसतो. कोळी जाळं टाकून रिकामा परतला तरी भाव मारायचाच, म्हणून दोष त्याला. लहानपणापासून हे ऐकलं, पटलंही. पण ज्या जाळ्यामागं आता कुणी कोळीच नाही त्याचं काय? भावच नाही, मग दोष कुणाचा? मी तत्त्वार्थसूत्राचं भाषांतर पुन्हा काढून बसले. तिथं हिंसेची व्याख्या करताना उमास्वामी पहिला शब्द घालतात तो प्रमादाचा. मारायची इच्छा नंतर, आधी गाफीलपणा. आणि कर्म येण्याची जी आधारं ते मोजतात त्यांत अजीव वस्तूही आहेत. त्या बनवणं, त्या ठेवणं, हेही आहे. म्हणजे वस्तू हातातून सुटली तरी आपण तिच्यातून सुटत नाही. माताजींना विचारलं तर त्या नुसत्या 'हं' म्हणाल्या आणि म्हणाल्या, शंका वहीत लिहून ठेव.

या जाळ्यांमागं पद्धतशीर लागले ते हॉलंडचे पाणबुडे. उत्तर समुद्रात बुडालेली जहाजं पुष्कळ. ती बघायला हे लोक जायचे. प्रत्येक जहाजावर जाळी पांघरल्यासारखी, आणि त्यांत मेलेले, अर्धमेले जीव. २००९ च्या सुमारास त्यांच्यातल्या काहींनी ठरवलं की बघायला जायचंच तर कात्री घेऊन जायचं. पास्कल व्हान एर्प हे त्यांचे पुढारी. पाहता पाहता हे काम इतर देशांत पसरलं. २०१३ पासून ही जाळी गोळा करून स्लोव्हेनियातल्या कारखान्यात पाठवायची व्यवस्था झाली. तिथं नायलॉन मुळापर्यंत विरघळवून नवा धागा काढतात. त्या धाग्याचे गालिचे होतात, पोहायचे कपडे होतात, आणि पायमोजे. बायकांच्या पायातून निघालेलं नायलॉन समुद्राचा फेरा करून पुन्हा पायात.

भाची सांगते, हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणानं वाढतो. तीस मीटरवर माणूस वरच्यापेक्षा चौपट हवा ओढतो आणि तिथं वीस मिनिटांच्या आसपासच थांबता येतं. त्याहून रेंगाळलं तर रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर येताना फेसाळतो. हातमोज्यांतल्या हातानं कापायचं, खाली गाळ उठला की काही दिसत नाही, आणि जे जाळं माशाला धरतं ते माणसाच्या पाठीवरच्या नळीलाही धरतं. म्हणून एकटं कधी उतरायचं नाही. जोडीदार असतोच, त्याला बडी म्हणतात. एक कापतो, दुसरा फक्त त्याच्याकडे बघत राहतो. कापलेला तुकडा हवेच्या पिशवीला बांधायचा, पिशवीत आपल्या नळीतली हवा सोडायची, ती फुगून तुकडा वर घेऊन जाते. तासाभराच्या तयारीनंतर पदरात पडतं ते एक-दोन पोती.

तिनं सांगितलेल्या नियमांतला एक मात्र मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतला. प्रत्येक वस्तू उचलायची नाही. बाटली उचलण्याआधी आत बघायचं. ऑक्टोपस घर करून बसलेला असतो. ज्या वस्तूवर प्रवाळ, शिंपले धरलेत, जी आता दगडासारखी झाली आहे, ती तशीच ठेवायची. नुसती नोंद करायची. जाळ्यातला जीव जिवंत असेल तर आधी तो सोडवायचा, मग जाळं.

मला माझी आजी आठवली. बेळगावच्या जुन्या घरी विहीर होती. पाणी दुहेरी कापडातून गाळायचं, आणि गाळणं झटकायचं नाही. त्यावर गाळलेलंच पाणी ओतून ती जिवाणी भांड्यात घ्यायची, आणि ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत. तीही वरून ओतायची नाही, एवढ्या उंचीवरून पडले तर ते जीव मरतील. त्यासाठी बुडाला कडी असलेली बादली असायची; ती पाण्याला टेकेपर्यंत सोडायची आणि मग कडीच्या दोरानं अलगद कलती करायची. नळ आले, विहीर बुजली, बादली मोडीत गेली. तिची कडी मात्र पुष्कळ दिवस फडताळात होती. समुद्रतळावर बाटलीत डोकावून बघणाऱ्या त्या फिरंगी पाणबुड्याला ही बादली दाखवली असती तर त्याला समजावून सांगावं लागलं नसतं.

आजींच्या प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. आपल्याला काय करायचं आहे?

बेळगाव समुद्रापासून लांब, असं आपण म्हणतो. पण वेंगुर्ल्याचं बंदर आणि आपली पेठ यांचा रस्ता आंबोली घाटातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. आमच्या मामंजींचं दुकान सुतळी, काथ्या आणि दोराचं. सत्तरच्या दशकात त्यात नायलॉन आलं. घाटाखालची गिऱ्हाइकं यायची, वेंगुर्ल्याची, मालवणची. जाळं मागितलं की मामंजी हात जोडायचे. "जाळं आमच्याकडं ठेवत नाही." त्यांचा नियम होता आणि घरात त्याचा अभिमान होता. दोर मात्र द्यायचे. मी एकदा नवी सून असताना विचारलं होतं. ते म्हणाले, "दोरानं गायही बांधतात." खरं होतं ते. गाय बांधणारा माणूस एका वेळी दोनशे मीटर निळा दोर नेत नाही, हेही खरं होतं. त्या दोरावरच जाळं ओवलं जातं. त्या दुकानावर आमच्या पोरांची शिक्षणं झाली.

म्हणून मालवणची जाळी 'त्यांची' म्हणताना माझी जीभ अडखळते.

करण्यासारखं पाण्याखालीच आहे असंही नाही. कोल्लमला, केरळात, २०१७ पासून सरकारनं एक काम चालवलं: मासेमारीच्या होड्यांना जाळ्यात माशांबरोबर येतं ते प्लास्टिक पुन्हा समुद्रात न फेकता बंदरावर आणायला सांगितलं. तिथं ते धुवायला, निवडायला बायका बसल्या. निवडलेल्या प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात गेला. पाणबुड्यांची गोष्ट धाडसाची म्हणून सगळे ऐकतात. सुपात धान्य घेतल्यासारखं ओलं प्लास्टिक निवडणाऱ्या बायकांची कुणी विचारत नाही. मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथं खाली प्रवाळही आहे. तिथल्या पाणबुड्या पोरांतली कितीतरी कोळ्यांच्याच घरची. जाळं कुठं अडकलंय हे भाचीच्या गटाला त्यांनीच दाखवलं.

पर्युषणानंतरच्या स्वाध्यायाला मी पिशवीत एक तुकडा घेऊन गेले. भाचीनं दिलेला, वीतभर हिरवं जाळं आणि त्याला लागून बोटाएवढा निळा दोर. आमच्या दुकानातला असेल का, हे मी उजेडात धरून बघितलं होतं. काही कळत नाही. निळा दोर सगळीकडे सारखाच.

आजींनी तो मागून घेतला. दोन्ही हातांनी ओढून बघितला, नखानं खरवडला.

"किती वर्षं होता म्हणालीस खाली?"

"ते सांगता येत नाही. पण शंख चिकटले होते त्याला, म्हणजे बरीच."

"आणि यात काय सापडलं होतं?"

"दोन मासे मेलेले. एक खेकडा जिवंत होता. भाचीच्या जोडीदारानं भोवतीचे धागे कापून सोडला त्याला."

त्यांनी तुकडा माझ्याकडे परत दिला नाही, मांडीवरच ठेवला.

"खालीच सोडला ना? वर आणून वरून टाकला नाही ना?"

"खालीच सोडला."

"बरं," म्हणाल्या, आणि तुकडा शेजारणीकडे दिला.